तीनशे घोडे आणि एक पाय

एका खाडीच्या तोंडाशी वेळणेबंदर नावाचं गाव होतं आणि त्या गावात हसुराम नावाचा एक नाखवा राहत होता. माणूस मनाचा सरळ, हाताचा मोकळा, पण भारी उतावळा. चहा कपात पडायच्या आत प्यायला बघणारा! त्याच्याकडे एक वेगाची बोट होती. निमुळत्या तोंडाची, पाण्यावर पोट टेकवायला नाखूश असणारी. ती त्याने शहरातल्या कुणाकडून तरी जुनी घेतली होती आणि तिला तो पोटच्या पोरीसारखं जपायचा.

वेळणेबंदरात शिमग्याला बोटींची शर्यत व्हायची. गावदेवी वेळणाई वर्षातून एकदा खाडीपलीकडच्या आपल्या बहिणीला भेटायला जायची, आणि शर्यत जिंकेल त्याच्या बोटीतून देवीची पालखी पलीकडे न्यायची, असा रिवाज. हा मान हसुरामच्या घराने तीन पिढ्या मिरवला होता. पण वडील गेले आणि मान गेला. अकरा वर्षं झाली, दर शिमग्याला जिंकायचा तो खाडीपलीकडच्या चिंबोरेवाडीचा कमलाकर नाखवा. कमलाकरच्या बोटीत पालखी चढली की इकडे हसुरामच्या घशाखाली पुरणपोळी उतरायची नाही. बायको म्हणायची, ‘‘अहो, देवी कुणाच्याही बोटीतून गेली तरी देवीच ना?’’ हसुराम म्हणायचा, ‘‘तुला नाही कळायचं.’’ आणि खरंच, ते दुखणं ज्याचं त्यालाच कळतं.

तर त्या वर्षी हसुरामने ठरवलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. त्याने बोटीचं दीडशे घोड्यांचं इंजिन काढलं आणि तीनशे घोड्यांचं बसवलं. शिमग्याला पंधरा दिवस उरले होते. इंजिन आलं त्या दिवशी अख्खं बंदर बघायला लोटलं. कुणी हात लावून बघितलं, कुणी वाकून. ‘‘तीनशे घोडे! कमलाकरचं काही खरं नाही आता,’’ असं जो तो म्हणू लागला. हसुरामची छाती फुगली.

गावात भिकू मेस्त्री होते. बंदरातल्या सगळ्या इंजिनांचे तेच वैद्य. तेही आले. इंजिनाकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि सरळ बोटीच्या मागे गेले. या जातीच्या बोटीत इंजिन असतं बोटीच्या पोटात, मागच्या फळीच्या आतल्या बाजूला. फळीच्या बाहेर पाण्यात सोडलेला असतो तो गिअरचा खांब. इंजिनाचा जोर त्या खांबातून खाली उतरतो आणि टोकाचा पंखा फिरवतो. बोट वळवायची तर तोच खांब वळवायचा. वेळणेबंदरात त्याला सगळे ‘पाय’ म्हणायचे. मेस्त्रींनी तो पाय दोन्ही हातांनी धरून हलवला, पंखा हाताने फिरवला, कान लावून ऐकलं.

मग म्हणाले, ‘‘नाखवा, घोडे तीनशे केलेत. पाय मात्र तोच आहे.’’

‘‘मग? चांगला धडधाकट आहे की!’’

‘‘दीडशेला धडधाकट आहे. आतला दांडा बोटाएवढा, दात जुने, मागची फळी पातळ. दुप्पट जोर याने पेलायचा कसा?’’

‘‘मेस्त्री, शिमगा पंधरा दिवसांवर आलाय!’’

‘‘शिमगा दरवर्षी येतो,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘जाड दांडा पाहिजे, भट्टीतून पाणी दिलेले कडक गिअर पाहिजेत. फळीला आतून लोखंडी पत्रा पाहिजे. शहरात जाऊन मी स्वतः बघून आणतो. मला दहा-बारा दिवस द्या.’’

आता त्या गावाची एक रीत सांगायला हवी. वेळणेबंदरात मेस्त्रीचं काम पूर्ण झालं की नाखवा त्याच्या हातात नारळ द्यायचा. मेस्त्रीने नारळ घेतला, म्हणजे बोट पाण्यात घालायला मोकळी. नाही घेतला, तर नाही. कागद नाही, सही नाही, सगळा व्यवहार त्या एका नारळावर. आणि नारळ घेतल्याशिवाय जी बोट पाण्यात उतरेल ती त्या वर्षीच्या शर्यतीतून बाद, हा गावकीचा नियम. नियम वाडवडिलांनी केला होता, आणि तो करण्याआधी खाडीने दोन घरं रिकामी केली होती.

हसुरामने नारळ पुढे केला. मेस्त्रींनी हात मागे घेतले.

‘‘अहो, नुसती चाचणी घेतो. एक फेरी!’’

‘‘एका फेरीतही माणूस बुडतो, नाखवा.’’

चारचौघांत नारळ परत आला. हसुरामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मेस्त्रींशी भांडणार कोण? ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने शहराला गेले.

दोन दिवस हसुरामने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी पलीकडून बातमी आली की कमलाकर रोज सकाळी खाडीत बोट पळवतोय. झालं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो तसं झालं बघा. हसुराम नारळ घेऊन निघाला तो थेट मेस्त्रींच्या घरी. मेस्त्री घरी नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दारात द्वारकावहिनी, मेस्त्रींची बायको, तांदूळ पाखडत होत्या.

‘‘वहिनी, हा नारळ ठेवा.’’

‘‘कशाचा हो भावजी?’’

‘‘शिमग्याचा म्हणा की!’’ असं म्हणून हसुराम वळलासुद्धा.

त्या माउलीला बिचारीला काय ठाऊक! नारळ ताजा होता. तिने तो फोडला, खोवला, गूळ घालून वड्या केल्या आणि शेजारधर्म म्हणून दोन वड्या हसुरामच्याच घरी पाठवल्या. हसुरामने एक वडी तोंडात टाकली. गोड होती, पण गिळताना अडकली. मनाने म्हटलं, हसुराम, हे बरं नव्हे. जिभेने म्हटलं, का बरं नव्हे? मेस्त्रींच्या घराने नारळ घेतला की नाही? घेतला. फोडला की नाही? फोडला. मग झालं तर!

मन आणि जीभ यांच्या भांडणात जीभ जिंकते तेव्हा समजावं, पुढे खड्डा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती पूर्ण भरली असताना हसुरामने बोट पाण्यात घातली. इंजिन सुरू झालं. काय तो आवाज! धक्क्यावरची माणसं टाळ्या पिटू लागली. खाडीच्या मध्यावर येताच हसुरामने जोर सोडला आणि बोट अशी उसळली, की त्याची टोपी मागच्या मागे उडून गेली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. त्याला त्या क्षणी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, ठेवलेली पालखी दिसली, वाजणारे ढोल ऐकू आले, वडील दिसले. तो मोठ्याने हसला. अकरा वर्षांत तो असा हसला नव्हता.

आणि मागून आवाज आला. कडाड्‌!

बोटीला धक्का बसला. मग इंजिन किंचाळत सुटलं, आणि बोट मात्र जागच्या जागी मंदावली. पायातल्या गिअरचे दात मोडून पडले होते. इंजिन तीनशे घोड्यांनी धावत होतं, पण पंख्यापर्यंत एकही घोडा पोचत नव्हता. हसुरामने इंजिन बंद केलं. सुकाणू फिरवून बघितलं. पण ज्या बोटीला ढकलणारं कुणी नाही, ती वळणार तरी कशी? भरती सरली होती. ओहोटीने बोटीला धरलं आणि खाडीच्या तोंडाकडे, कासवखडकाकडे, ओढायला सुरुवात केली. खडकावर लाटा फुटत होत्या, त्यांचं पाणी उडून त्याला भिजवत होतं. नांगर टाकला, तो तळाच्या वाळूत धरेना. हसुरामने हात जोडले. ‘‘आई वेळणाई, मान नको, पण मला घरी ने गं!’’

तेवढ्यात शहराहून येणारी प्रवाशांची लाँच वळसा घालून आली. तिच्या काठावर एक माणूस उभा राहून हातवारे करत ओरडत होता. लाँचवाल्याने दोर फेकला. हसुरामने तो झेलला आणि बोटीला बांधला. हातवारे करणारा तो माणूस म्हणजे भिकू मेस्त्री. पायाशी गोणपाटाची जड पिशवी होती आणि पिशवीत कडक गिअर आणि जाड दांडा. हसुरामच्या बोटीसाठीच ते चार दिवस शहर पालथं घालून आले होते.

धक्क्यावर सगळा गाव जमला होता. गावकीचे म्होरके दाजीबा पुढे झाले. म्हातारे कडक होते.

‘‘हसुराम, नारळ दिलास?’’

‘‘दिला.’’

‘‘कुणी घेतला?’’

हसुरामने गर्दीकडे बघितलं. गर्दीत द्वारकावहिनी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘अगं बाई! तो नारळ तो होता?’’ एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

भिकू मेस्त्रींनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा नाखव्याकडे. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘दाजीबा, नारळ माझ्या घरात फुटला. माझ्या घराने घेतला म्हणजे मीच घेतला. जे मोडलं त्याची चूक माझी.’’

लोकांत कुजबुज सुरू झाली. भिकू मेस्त्रींनी कच्च्या बोटीचा नारळ घेतला? मग उद्या यांच्या शब्दावर कोण बोट सोडणार?

आता हसुरामला नुसतं गप्प बसायचं होतं. बाकी काही नाही. गप्प बसला असता तर तो निर्दोष ठरत होता. मेस्त्रींनी आणलेले गिअर बसवायला अजून दिवस होते, शर्यत हातची जात नव्हती, अकरा वर्षांनी पालखीचा मान घरात येत होता. आणि खरं बोलला तर? नारळाविना बोट पाण्यात घातली म्हणून बाद. त्याने खाली मान घातली. ओल्या धोतराचं पाणी धक्क्यावर टपटपत होतं. त्याच्या मनात आलं, या माणसाने मला आधी थांबवलं, मी थांबलो नाही तेव्हा मला ओढून आणलं, आणि आता माझं पापही स्वतःच्या डोक्यावर घेतोय. आणखी किती घेऊ मी याच्याकडून?

त्याने मान वर केली.

‘‘दाजीबा, मेस्त्री खोटं बोलतायत. वहिनींना काही ठाऊक नव्हतं. मेस्त्री घरी नाहीत हे बघूनच मी नारळ नेऊन दिला. मेस्त्रींनी तो सगळ्यांसमोर नाकारला होता. मी चोरून खपवला. मला बाद करा.’’

दाजीबांनी काठी टेकवली. ‘‘बाद,’’ ते म्हणाले. आणि मग जरा हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘घरी जा रे पोरा, ओले कपडे बदल.’’

हसुराम घरी गेला, पांघरूण घेऊन पडला. वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खाकरल्याचा आवाज आला. भिकू मेस्त्री हत्यारांची पेटी घेऊन उभे होते.

‘‘चला नाखवा. पाय उघडायचाय.’’

‘‘आता कशाला मेस्त्री? शर्यत तर गेली.’’

‘‘शर्यत गेली. खाडी कुठे गेली?’’

हसुरामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुरुषासारखा पुरुष, पण दारातच त्याने मेस्त्रींचे पाय धरले. मेस्त्री म्हणाले, ‘‘माझे नको, बोटीचा धरा. जड आहे, एकट्याने उतरत नाही.’’

मग दोघे कामाला लागले. बोटाएवढा दांडा गेला, अंगठ्याच्या दुप्पट जाड दांडा आला. मागच्या फळीला आतून लोखंडी पत्रा बसला, म्हणजे जोर एका जागी न पडता सगळ्या फळीवर वाटला जाईल. पाय तापू नये म्हणून वरून सतत समुद्राचं पाणी सोडणारी नळी बसवली. आणि गिअर! ते बसवणं म्हणजे बघण्यासारखं. मेस्त्री द्वारकावहिनींकडून चिमूटभर कुंकू आणायचे, तेलात कालवायचे, एका गिअरच्या दातांना लावायचे आणि हसुरामला दांडा हाताने फिरवायला सांगायचे. मग पाय उघडून बघायचे, दुसऱ्या गिअरच्या दातांवर कुंकू कुठे उमटलंय. दाताच्या टोकाला उमटलं तर वाईट, बुडाशी उमटलं तर वाईट. बरोबर मधे उमटलं पाहिजे. केसाएवढी पातळ चकती घालायची, परत जोडायचं, परत फिरवायचं, परत उघडायचं.

चौथ्या वेळी हसुराम म्हणाला, ‘‘मेस्त्री, जवळपास मधेच आहे की.’’

मेस्त्री म्हणाले, ‘‘जवळपास मधे आणि मधे, यांच्यामध्ये कासवखडक आहे.’’

अकरा वेळा पाय उघडला. उतावळा हसुराम अकराही वेळा दांडा फिरवत बसला, आणि गंमत म्हणजे सातव्या-आठव्या वेळेनंतर त्याला त्याचा कंटाळा येईना. अकराव्या वेळी प्रत्येक दाताच्या बरोबर मधे तांबडी टिकली उमटली होती. मेस्त्रींनी हात पुसले आणि पुढे केले. हसुरामने दोन्ही हातांनी नारळ दिला. या वेळी तो घेतला गेला.

‘‘एक लक्षात ठेवा,’’ मेस्त्री म्हणाले, ‘‘पाय कितीही मजबूत झाला तरी जोर एकदम सोडायचा नाही. हळूहळू सोडायचा. पायाला कळू द्यायचं, की आता ओझं येतंय.’’

शिमग्याचा दिवस आला. शर्यत झाली. कमलाकर जिंकला, बारावं वर्ष. हसुराम धक्क्यावर उभा राहून बघत होता. दुखलं नाही असं कसं म्हणू? दुखलं. पण आपल्या बोटीत मेस्त्रींना आणि वहिनींना बसवून तो पालखीबरोबर जाणाऱ्या बोटींत सामील झाला.

कमलाकरची बोट माणसांनी खचाखच भरली होती. देवीच्या शेजारी बसायला कुणाला नको असतं? ढोल वाजत होते, गुलाल उडत होता. गुलालाच्या नादात उशीर झाला आणि ओहोटी लागली. खाडीच्या मध्यावर कमलाकरच्या पंख्यात वाहून आलेलं जाळं अडकलं. इंजिन बंद पडलं. पालखी आणि चाळीस माणसं घेऊन बोट कासवखडकाकडे सरकू लागली. ढोल थांबले. बायका रडू लागल्या.

हसुरामने बोट आडवी घातली आणि दोर फेकला.

कमलाकर ओरडला, ‘‘हसुराम, निदान पालखी तुझ्या बोटीत घे!’’

अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते हातभर अंतरावर होतं. पण लाटेवर दोन्ही बोटी वरखाली होत होत्या. हसुराम ओरडला, ‘‘हलवू नकोस! देवी बसलीय तिथेच बसू दे. कुणी उठू नका. मी ओढतो!’’

दोर ताणला. हसुरामचा हात जोर सोडायला शिवशिवला. पण त्याने हात आवरला. हळूहळू, पायाला कळू देत, त्याने पन्नास घोडे दिले, मग शंभर. बोटी जागच्या हलेनात. दोनशे दिले. खडकावरच्या फेसाचे थेंब कमलाकरच्या माणसांवर उडत होते. मेस्त्री मागच्या फळीवर तळहात ठेवून बसले होते. त्यांनी मान डोलावली. हसुरामने तीनशेच्या तीनशे घोडे सोडले. फळी कण्हली, पण हलली नाही. पाय एका सुरात गुणगुणत राहिला. आणि चाळीस माणसांची बोट ओहोटीच्या उलट, वीत वीत करत, खडकापासून सुटली.

पलीकडच्या धक्क्याला सगळ्यांत आधी लागली ती शर्यतीतून बाद झालेली बोट, आणि तिच्या मागे दोराने बांधलेली देवी. चिंबोरेवाडीच्या लोकांनी हसुरामला उचलून घेतलं. कमलाकरने त्याला मिठी मारली. जो तो इंजिनाकडे बोट दाखवून म्हणू लागला, ‘‘काय घोडे आहेत रे! वाहवा रे घोडे!’’

हसुराम खाली उतरला. त्याने मेस्त्रींचा हात धरून त्यांना पुढे आणलं आणि तो म्हणाला, ‘‘घोडे काय, बाजारात मिळतात. उद्या कुणीही आणेल. पण मी बुडायला निघालो असताना ‘थांब’ म्हणणारा माणूस बाजारात मिळत नाही. तो मला देवीने दिला. हा मान माझ्या घराला पुष्कळ झाला.’’

तात्पर्य: अंगात जोर आणण्याआधी तो जोर पेलणारा पाय मजबूत करावा, आणि आपल्याला वेळेवर थांबवणाऱ्या माणसावर रागावू नये, त्याचे उपकार जन्मभर स्मरावेत.